घर मालकाचे, ताबा भाडेकरूचा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडाशी एका शनिवारी मी शाळेतून बिऱ्हाडी परतलो, तो दाराचे कुलूप काढलेले. आत घरमालक स्वयंपाकघरात उभे राहून कौले न्याहाळीत होते. दुसरी किल्ली त्यांच्यापाशी असे. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, गळती कुठं आहे ते पाहायला आलो. घर माझंच आहे की!" त्यांचा हेतू वाईट नव्हता. घरातील एक चमचाही हलला नव्हता. तरीही त्या रात्री पत्नीने दोनदा उठून दाराची कडी पाहिली, आणि माहेरची पत्रे ती पुढे पेटीत ठेवू लागली.

"घर माझेच आहे" हे उत्तर पुरेसे आहे काय, याचा आज विचार करू.

मालकी आणि ताबा या दोन भिन्न गोष्टी होत. घर भाड्याने देताना मालक आपली मालकी देत नाही. परंतु त्या घराचा उपभोग घेण्याचा हक्क ठरलेल्या मुदतीपुरता तो दुसऱ्यास देतो, आणि त्याच हक्काचे मोल म्हणून भाडे घेतो. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम हेच सांगते. करारात निराळे ठरले नसेल तर, भाडे देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेकरूस मुदतभर निर्वेधपणे राहू देण्यास मालक बांधलेला असतो.

मात्र त्याच कलमाने भाडेकरूवरही कर्तव्य घातले आहे. घराची स्थिती पाहण्यासाठी मालकास वा त्याच्या माणसास वाजवी वेळी आत येऊ देणे भाडेकरूस भाग आहे. गळती दाखवावयाची नाही आणि भिंत खचली की मालकास दोष द्यावयाचा, हे न्यायाचे नव्हे.

आता वाजवी वेळ कोणती? घरभाडे हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने नियम प्रांतोप्रांती निराळे आहेत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात, आगाऊ सूचना देऊन वाजवी वेळी पाहणी करण्याचा हक्क मालकास आहे. २०२१ साली केंद्र सरकारने राज्यांपुढे ठेवलेला आदर्श भाडेकरू कायदा अधिक स्पष्ट बोलतो: निदान चोवीस तास आधी सूचना द्यावी, तीत कारण लिहावे, आणि सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर येऊ नये. आग, पूर, भूकंप अशा संकटात अर्थातच ही अट नाही. हा कायदा नमुन्यादाखल आहे. ज्या राज्याने तसा कायदा केला तेथेच तो बंधनकारक होय. तरी करार लिहिताना हाच नमुना पुढे ठेवण्यास कोणाचीच आडकाठी नाही.

दुसऱ्याच्या ताब्यातील घरात त्यास धमकावण्याच्या, अपमानाच्या वा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे हा गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेतील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. येथे प्रश्न ताब्याचा आहे, मालकीचा नव्हे. आमचे घरमालक कौले पाहावयास आले होते; ते गुन्हेगार नव्हते. त्यांची चूक एवढीच की, त्यांनी विचारले नाही.

तेव्हा करार करतानाच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: मालकाने किती तास आधी कळवावे, कोणत्या वेळी यावे, आणि दुसरी किल्ली कोणापाशी असावी. तरीही कोणी न विचारता येऊ लागल्यास प्रथम नम्र शब्दांत लेखी कळवावे व त्या पत्राची प्रत जपून ठेवावी. तेवढ्याने भागले नाही तर वकिलाचा सल्ला घ्यावा. स्त्रियांस, त्यांचे उत्पन्न कितीही असो, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून तो विनामूल्य मिळू शकतो.

आम्हीही पुढील करारात तशी एक ओळ घातली. घरमालक प्रथम किंचित रुसले. परंतु त्यानंतर ते अंगणातूनच हाक मारीत, "मास्तर, येऊ का?" आणि पत्नी आत चहाचे आधण ठेवी.