नवी कार्यप्रणाली, जुनी मराठी

कोळगावात, एका लहानशा कचेरीत मी अर्ज टंकलिखित करतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले आणि आमच्या जुन्या संगणकांवर लिनक्स आले. या प्रणालीचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रथम लिहिला.

येथे ‘सी’, ‘डी’ असे कप्पे नाहीत. सर्व फायली एकाच मुळातून फुटलेल्या फांद्यांवर असतात. इंग्रजी नावातले एक अक्षर लहानाचे मोठे केले, तरी फाईल निराळी ठरते. एवढे समजले की हात आठवड्याभरात वळतो.

खरी कसोटी मराठीची. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. तो फॉन्ट नसला, की एखाद्या आदिवासी शेतकऱ्याचा वनहक्काचा दावा निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर दोन्ही प्रणालींवर सारखाच वाचता येतो. इन्स्क्रिप्ट कळफलकही दोहोंकडे तोच. जुने दावे आम्ही युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मूळ कागदाशी ताडून ठेवीत आहोत.

मित्रहो, नोकरीत यंत्रे बदलत राहणार. नुसती बटणे पाठ करण्यापेक्षा त्यांमागील व्यवस्था समजून घ्या आणि मराठी युनिकोडमध्येच लिहा. दावेदार दहा वर्षांनी नक्कल मागावयास आला, तर ती त्याला वाचता आली पाहिजे.