मार्कस : एका रोमन नांवाची कथा

नांवांत काय आहे, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु प्राचीन रोमन लोकांस तें एवढें क्षुल्लक वाटत नसे. एखाद्या घराण्यानें अमुक नांव यापुढें ठेवूं नये, असे ठरावही तेथें झालेले आहेत. आणि 'मार्कस' या एकाच नांवावर असा प्रसंग दोनदां आला. ती हकीकत वाचकांस मनोरंजक वाटेल, म्हणून येथें देत आहों.

प्रथम अर्थ पाहूं. मार्स हा रोमन लोकांचा युद्धदेव; शेताभाताचा रक्षक म्हणूनही त्याची आराधना होई. मार्कस हें नांव त्याच्याच नांवापासून निघालें, असें भाषापंडित मानतात. मार्च महिन्याचें नांवही या देवावरूनच पडलें असून, जुन्या रोमन पंचांगांत वर्षारंभ त्याच महिन्यानें होत असे.

आपल्याकडे बाराव्या दिवशीं बारसें होतें, तर रोमन मुलाचें नांव नवव्या आणि मुलीचें आठव्या दिवशीं ठेवीत. पुरुषाचें पहिलें नांव स्वतःचें, दुसरें कुळाचें व तिसरें शाखेचें असे. प्रसिद्ध वक्ता मार्कस टुलियस सिसेरो याचें तिसरें नांव हरभऱ्यावरून पडलेलें! त्याच्या कन्येस मात्र कुळावरून नुसतें 'टुलिया' म्हणत. मुलग्यांसाठीं रूढ अशीं नांवें अवघीं अठराच्या सुमारास होतीं. त्यामुळें तींच नांवें घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत, आणि नांवाबरोबर पूर्वजांची कीर्ति किंवा अपकीर्तिही वारशानें येई.

पहिला प्रसंग मार्कस मॅन्लियस याचा. इ. स. पूर्वीं ३९० च्या सुमारास गॉल लोक रात्रीं कॅपिटोल टेंकडी चढून आले असतां हंसांच्या कलकलाटानें यास जाग आली व यानें शत्रूस मागें लोटलें, अशी परंपरागत कथा आहे. पुढें राजपदाची हांव धरल्याच्या आरोपावरून इ. स. पूर्वीं ३८४ मध्यें त्याच टेंकडीच्या कड्यावरून त्याचा कडेलोट झाला. तेव्हां मॅन्लियस कुळानें स्वतःच ठरविलें कीं, यापुढें आपल्यांत कोणाचें नांव मार्कस ठेवावयाचें नाहीं.

दुसरा प्रसंग अधिक हृदयद्रावक आहे. सिसेरोनें मार्कस अँटोनियसविरुद्ध जळजळीत भाषणें केलीं. इ. स. पूर्वीं ४३ मध्यें सिसेरोचा वध झाला, आणि अँटोनियसनें त्याचें मस्तक व हात भर चौकांतील व्यासपीठावर टांगविले. तेरा वर्षांनीं अँटोनियसचा पाडाव झाला. त्या वर्षीं कॉन्सल या सर्वोच्च पदावर होता सिसेरोचा पुत्र, आणि त्याचेंही नांव मार्कसच! त्याच्याच कारकीर्दींत सिनेटनें अँटोनियसचे पुतळे पाडविले आणि त्याच्या कुळांत मार्कस हें नांव ठेवण्यास बंदी केली, असें प्लुटार्क लिहितो.

मारविणारा मार्कस, मरणारा मार्कस आणि सूड पाहणाराही मार्कसच! नांव मात्र त्यामुळें बुडालें नाहीं. इ. स. १६१ ते १८० पर्यंत राज्य करणाऱ्या मार्कस ऑरेलियस या तत्त्वचिंतक सम्राटानें त्यास नवी प्रतिष्ठा दिली. आणि मराठी बायबलांतील 'मार्क' हेंही त्याचेंच रूप होय. नांव ठेवणें हें वडील माणसांचें काम खरें. परंतु त्याचा अर्थ धारण करणाराच पुढें ठरवितो.