वांड मूल, गप्प मूल आणि शाळेची नोंदवही
गैरसमज: दंगा करतो त्यालाच तपासा.
वर्तनाच्या अडचणी बाहेर फुटतात, तशा आत दबूनही राहतात. मधल्या सुट्टीत एकटं बसणारं, कुणीच गटात न घेतलेलं मूलही धोक्यात असू शकतं. वर्गाला त्याचा त्रास होत नाही, एवढंच. मुलांच्या वर्तनाविषयीच्या रॉबर्ट गुडमन यांच्या 1997च्या प्रश्नावलीत 25 विधानं आहेत. त्यांत मारामारी, चंचलपणा यांबरोबर भीती, उदासी आणि सवंगड्यांशी नातं यांचीही चौकशी होते. मदत करणं, वाटून घेणं यांचा गट वेगळा असून त्याचे गुण अडचणींच्या बेरजेत धरत नाहीत.

गैरसमज: ‘घरी गुणी आहे’ म्हणणारी आई झाकते आहे.
थॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 119 अभ्यास एकत्र तपासले. पालक आणि शिक्षक अशा वेगवेगळ्या भूमिकांतल्या माणसांच्या एकाच मुलाविषयीच्या मतांतला सहसंबंध सरासरी 0.28 एवढाच निघाला. दोघंही खरं सांगत असू शकतात, कारण मूल दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं वागतं. कोळीवाड्यातली मुलगी आईशेजारी बसून गिऱ्हाईकाशी घासाघीस करते आणि वर्गात तोंड उघडत नाही, असं असेल तर तिला बोलायला शिकवायची गरज नाही. वर्गात तिला काय अडवतं ते शोधायचं. फ्रँक ग्रेशम यांनी हाच फरक ठामपणे मांडला: कौशल्य आलेलंच नाही, की आलं आहे पण वापरलं जात नाही? पहिल्याला शिकवणी लागते, दुसऱ्याला संधी आणि धीर. माझ्या मते सगळ्या मूल्यमापनातला हाच कळीचा प्रश्न आहे, आणि नेमका तोच विचारायचा राहतो.

गैरसमज: प्रश्नावली कधीही भरली तरी चालते.
रायगडच्या किनाऱ्यावर तर मुळीच नाही. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा 31 जुलैपर्यंतच्या मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्यावर असतात. एरवी समुद्रावर असणाऱ्या वडिलांना भेटायची हीच वेळ. पण नव्या बाईंनी मुलाला जेमतेम पाहिलेलं असतं; त्यांचं मत विचारायचं तर दोनेक महिने जाऊ द्यावेत. फार थांबलं, तर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात आणि ज्यांची नोंद सर्वांत आधी हवी तीच मुलं निसटतात. म्हणून वडिलांशी बोलणं जून-जुलैत आणि शिक्षकांची प्रश्नावली दिवाळीच्या आधी, हे इथल्यापुरतं वेळापत्रक. कातकरी मूल गप्प असेल, तर वर्गातली मराठी त्याच्या घरची बोली नाही, हेही ध्यानात घ्यावं.

गैरसमज: गुण वाईट आले म्हणजे आजार ठरला.
नाही. प्रश्नावली फक्त कुणाकडे नीट पाहायचं ते दाखवते. निदान तज्ज्ञ करतात. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. संशय वाटला तर त्या कार्यक्रमाच्या तपासणी पथकाला सांगावं.

गैरसमज: ‘भांडखोर आहे’ ही नोंद पुरेशी आहे.
वर्णनात्मक नोंदींची तयार वाक्यं उतरवून काढण्याची सवय मोडायलाच हवी. ‘भांडखोर’ या शब्दावरून पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना काहीच करता येत नाही. ‘रांगेत धक्का लागला की मारतो, “सरक” म्हणायची आठवण करून दिली, तर म्हणतो आणि हात आवरतो’ एवढं लिहिलं, तर उद्या सकाळी प्रार्थनेच्या रांगेतच काम सुरू करता येईल.