ब्रेक खाली का लागतो?

जुनी गाडी गॅरेजात आली की ब्रेकची तक्रार बहुधा तीन शब्दांत सांगितली जाते : 'ब्रेक खाली लागतो.' म्हणजे पॅडल निम्म्याहून जास्त आत जाते, कधी थेट तळाला टेकते आणि दोन-तीनदा 'पंप मारल्यावर' मग गाडी थांबते. सपाट रस्त्यावर माणसे या पंप मारण्याला इतकी सरावतात की तो दोष आहे हेच विसरतात. चिपळूणकरांना मात्र हे विसरणे परवडणारे नाही. मुंबईकडे निघा, परशुराम घाट आहे. कराडकडे निघा, पोफळी सोडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने उतरणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. पंप मारायला लागणारा हा एक सेकंद वळणावर मिळेलच असे नाही.

दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याची एक शिस्त आहे. ती पाळली नाही की आधी मास्टर सिलिंडर बदलला जातो, मग लायनर, मग पाइप. खर्च होतो आणि पॅडल होते तिथेच राहते. ही शिस्त कळण्यासाठी पॅडलमागचे गणित समजून घ्यावे लागते.

सतराव्या शतकात ब्लेझ पास्कालने मांडलेला नियम आपण शाळेत शिकलो : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो. पायाने दाबलेले पॅडल तरफेसारखे काम करून मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलते. तिथले ब्रेक ऑइल पाइपांतून चाकांपर्यंत जाते, व्हील सिलिंडरचे दट्टे बाहेर सरकवते आणि शू ड्रमला टेकतात. द्रव दाबाने आकसत नाही, म्हणून पॅडलची सगळी चाल कुठल्या ना कुठल्या फटीतच खर्च होते. त्यामुळे पॅडल खाली गेले की विचारायचा प्रश्न एकच : चाल गेली कुठे?

चारही चाकांना ड्रम असलेली गाडी घेऊ. १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याला बनू लागलेली फियाट ११०० डिलाइट आणि तिचीच पुढची ओळख असलेली प्रीमियर पद्मिनी ही अशी गाडी. हिशेब सोपा राहावा म्हणून मास्टर आणि व्हील सिलिंडर सारख्याच २० मिलिमीटर व्यासाचे आणि पॅडलची तरफ पाचपट धरू. प्रत्येक चाकात दोन दट्टे, म्हणजे एकूण आठ. झिजेमुळे प्रत्येक शू ड्रमपासून फक्त अर्धा मिलिमीटर जास्त दूर गेला, तर मास्टरच्या दट्ट्याला ४ मिलिमीटर जास्त सरकावे लागते आणि पॅडलला २० मिलिमीटर. हवेचेही तसेच. एक घनसेंटिमीटर हवा पाइपात अडकली, तर ब्रेकच्या दाबाखाली ती आकसून जवळजवळ नाहीशी होते. ती जागा भरायला मास्टरचा दट्ट्या सुमारे ३ मिलिमीटर आणि पॅडल १६ मिलिमीटर जास्त जाते. नखाएवढ्या फटीचे पायाखाली बोटभर अंतर होते ते असे.

हे ध्यानात ठेवून चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला, टाकीतले ब्रेक ऑइल कमी होते आहे का? हळूहळू, महिनोन्महिने उतरत असेल तर ती लायनर झिजल्याची खूण असू शकते. लवकर उतरत असेल तर गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपांच्या सांध्यांवर आणि पॅडलच्या वर मास्टर सिलिंडरच्या मागे ओल शोधावी. गळती सापडली तर ती दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवू नये.

दुसरा, दोन-तीनदा दाबल्यावर पॅडल वर येते का, आणि वर आल्यावर कसे लागते? वर येऊन दगडासारखे घट्ट लागले, तर बहुधा शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढली आहे. वर येऊनही स्पंजासारखे लागले, तर हवा आहे किंवा जुना रबरी पाइप दाबाने फुगतो आहे. मागच्या चाकांची फट तपासायला एक सोपी युक्ती आहे : हँडब्रेक घट्ट ओढून पॅडल दाबावे. हँडब्रेक मागच्या शूंवर चालत असेल आणि पॅडलची चाल एकदम कमी झाली, तर फट मागेच आहे. ज्या गाड्यांत फट हाताने जुळवायची सोय असते, त्यांत चाक उचलून, शू हलकेच घासू लागेपर्यंत ॲडजस्टर फिरवावा आणि मग चाक मोकळे फिरेल इतका किंचित सैल करावा.

तिसरा, पाय स्थिर ठेवला तर पॅडल आपोआप हळूहळू खाली जाते का? बाहेर गळती नसताना असे होत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर दाब धरत नाही. द्रव आतल्या आत मागे निसटतो.

चौथा, अजूनही उलगडा झाला नाही तर दोष कोणत्या चाकाकडे? यासाठी मेकॅनिक गोल कडांच्या क्लॅम्पने रबरी पाइप दाबून बंद करतात. पुढे दोन आणि मागे ॲक्सलकडे जाणारा बहुधा एक. सगळे बंद केल्यावर पॅडल वर आणि घट्ट लागले, तर मास्टर सिलिंडर निर्दोष. मग एकेक क्लॅम्प सोडावा. जो सोडल्यावर पॅडल खाली जाईल, तिकडे दोष. मात्र तडे गेलेला पाइप असा दाबू नये. तो सरळ बदलावा. पुढे डिस्क असलेल्या गाडीत आणखी एक जागा पाहावी : चाकाचे बेअरिंग सैल असेल तर हलणारी डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पॅडल खोल जाते.

कोकणात या सगळ्यात पाऊस मिसळतो. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. कुंभार्लीसारख्या घाटात ती कसोटीला लागते. एक टन वजनाची गाडी ५०० मीटर खाली उतरताना जी ऊर्जा सोडते, तीत सुमारे १५ लिटर पाणी उकळीला येईल. त्यातला वाटा इंजिनाने उचलला नाही, तर सगळी उष्णता ड्रमवर पडते. २५० मिलिमीटरचा ओतीव लोखंडी ड्रम २०० अंशांनी तापला, तर अर्ध्या मिलिमीटरने मोठा होतो आणि वरच्याच हिशेबाने पॅडल सेंटिमीटरभर खाली जाते. ऑइलमधले पाणी उकळले, तर वाफेमुळे पॅडल तळाला टेकते. पॅडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, हा वेगळा विकार. तिथे तापलेल्या लायनरची पकड गेलेली असते. दोन्हींवर उपाय एकच : ज्या गिअरात घाट चढलो, त्याच गिअरात उतरावे.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीचे इंजिन सुरू झाले म्हणजे ती बरी झाली असे नव्हे. ड्रममध्ये गाळ राहतो, सिलिंडरच्या भिंती गंजतात. अशा गाडीचे ड्रम उघडून साफ करायला आणि ऑइल पूर्ण बदलायला हवे.

गंजाचा एक छुपा परिणाम इथल्या दमट हवेत विशेष जाणवतो. रोजच्या वापरात मास्टरचा दट्ट्या अर्धेच अंतर जातो. पुढच्या न वापरलेल्या भागात गंज साचतो. हवा काढताना मदतनीस पॅडल तळापर्यंत दाबतो, रबर त्या खडबडीत भागावर घासून फाटते आणि हवा काढल्यावर पॅडल आधीपेक्षा वाईट होते. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळते.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून हद्दपार झाली, पण गावोगावी जुन्या गाड्या अजून धावतात. त्यांतल्या अनेकींत चारही चाकांच्या ब्रेकला एकच सर्किट असते. एका चाकाची गळती चारही चाकांचा ब्रेक घेऊन जाते. पुढच्या काळात आलेल्या दुहेरी सर्किटमध्ये निम्मा ब्रेक तरी उरतो. म्हणून जुन्या गाडीत पंप मारून चालवणे म्हणजे काटकसर नव्हे. गाडी गॅरेजात नेल्यावर 'मास्टर बदला' असे सांगण्याऐवजी पॅडल किती जाते, पंप मारल्यावर कसे लागते, धरून ठेवल्यावर खाली जाते का आणि ऑइल किती उतरले, एवढ्या चार गोष्टी सांगाव्यात. चांगल्या मेकॅनिकला निम्मे निदान तिथेच मिळते.