तपासणीच रुग्णापाशी जावी
मधुमेह दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतो. मात्र प्रारंभी नजर शाबूत असल्याने तरुण रुग्ण गाफील राहतो. ‘नियमित डोळे तपासा’ एवढा उपदेश त्याला पुरेसा आहे काय? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत ८ ते २१ वर्षांच्या १६४ मधुमेहींवर झालेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने उत्तर दिले आहे. समजूत घालून नेत्रतज्ज्ञांकडे धाडलेल्यांपैकी सहा महिन्यांत अवघ्या २२ टक्क्यांनी तपासणी करून घेतली. उलट, ज्यांच्या डोळ्यांची छायाचित्रे मधुमेहाच्या दवाखान्यातच काढून संगणकाकरवी तपासण्यात आली, त्यांच्यात हे प्रमाण १०० टक्के होते! तेव्हा दोष केवळ तरुणांच्या बेफिकिरीचा नव्हे, हेलपाटे घालायला लावणाऱ्या व्यवस्थेचाही आहे. वेळीच निदान झाल्यास उपचारांनी दृष्टी वाचू शकते. म्हणूनच रुग्णाला तपासणीकडे धाडण्यापेक्षा तपासणीच त्याच्यापाशी नेणे शहाणपणाचे ठरेल.