काशानचा मुदर्रिस आणि जुन्नरची निजामशाही

मंचर मागे टाकून नारायणगावला डावीकडे वळले की शिवनेरी दिसू लागतो. जुन्नरला येणारा माणूस शिवजन्मस्थानापुढे हात जोडतो, लेणी पाहतो, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतो आणि परततो. याच गावात 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची पहिली राजधानी थाटली, हे अनेकांना ठाऊक असते. पण त्या राज्यात इस्लामी तत्त्वज्ञानाचे एक मोठे विद्यापीठच जणू माणसाच्या रूपाने येऊन राहिले, हे फार थोड्यांच्या कानावर गेले आहे.

सुरुवात मात्र विद्येच्या हत्येने झाली. बहमनी वजीर महमूद गवान याने बीदरला 1472 मध्ये मोठा मदरसा उभारला. 1481 मध्ये बनावट पत्राच्या आधारे त्याचा शिरच्छेद झाला. इतिहासकार फेरिश्ता या कटात ज्यांची नावे घेतो, त्यांत मलिक हसन निजाम-उल-मुल्क आहे. जुन्नरच्या मलिक अहमदचा हा बाप. घराणे मूळचे पाथरीच्या ब्राह्मण कुळातले, असेही फेरिश्ताच लिहितो. मदरशाच्या कर्त्याला संपवणाऱ्या या माणसाच्या नातवाच्या दरबारात पुढे दख्खनमधला एक थोर अध्यापक मानाने बसला.

त्याचे नाव शाह ताहिर हुसैनी. इराणातल्या काशानला तो मुदर्रिस, म्हणजे मदरशातला अध्यापक होता. मूळचा तो निझारी इस्माईली पंथाच्या मुहम्मदशाही शाखेचा इमाम. वर्गात श्रोते वाढले तशा तक्रारीही वाढल्या आणि सफवी शाह इस्माईलपर्यंत पाखंडाचा आरोप पोहोचला. जिवावर बेतल्याचे कळताच 1520 मध्ये तो देश सोडून गोव्याला उतरला. विजापूरला कोणी फारशी दखल घेतली नाही, म्हणून तो मक्केला निघाला. वाटेत परांड्यात त्याला थांबवून घेतले गेले.

परांड्यातला मुक्काम मला या साऱ्या चरित्रातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. मलिक अहमदचा मुलगा बुर्हान निजामशाह याचा गुरू पीर मुहम्मद शिरवानी राजकामासाठी तिथे आला आणि शाह ताहिरसमोर विद्यार्थी होऊन बसला. विषय होता ‘अल्-मजिस्ती’, टॉलेमीचा खगोलग्रंथ. राजगुरूने परक्या, पळून आलेल्या माणसाकडे धडे घ्यावेत, यात त्या काळच्या विद्वत्तेची खरी प्रतिष्ठा दिसते. पीर मुहम्मदने राजाजवळ त्याची थोरवी सांगितली आणि 1522 मध्ये शाह ताहिर निजामशाहीच्या नव्या राजधानीत, अहमदनगरला आला. किल्ल्यात दर आठवड्याला त्याची व्याख्याने होत, बुर्हान स्वतः ऐकायला बसे. इब्न सीनाच्या ‘शिफा’तील तत्त्वमीमांसेवर आणि बैदावीच्या कुराणभाष्यावर त्याने टीपा लिहिल्या. भीमा-सीनेच्या मुलखात इब्न सीना शिकवला जात होता!

अध्यापकाला राजनीतीही करावी लागे. गुजरातच्या बहादुरशाहापुढे आपल्या राजाने उभे राहावे आणि त्याने बसून राहावे, हे शाह ताहिरला खटकले. त्याने हजरत अलींच्या हातची म्हणून मानली जाणारी कुराणाची प्रत डोक्यावर घेतली. ग्रंथाच्या मानासाठी बहादुरशाह सिंहासनावरून उतरला आणि बुर्हानची लाज राहिली, असे फेरिश्ता सांगतो.

1537 मध्ये बुर्हानने बारा इमामी शिया पंथ राजधर्म केला. तोच शिष्य पीर मुहम्मद आता बंड करून उठला, पकडला गेला. शाह ताहिरनेच रदबदली करून त्याचा जीव वाचवला आणि पुढे त्याला सोडवलेही. धर्ममत बदलले, पण गुरुशिष्याचे नाते या माणसाने तुटू दिले नाही. नीतिशास्त्राचा याहून मोठा धडा कुठल्या मदरशात मिळाला असेल? अहमदनगरच्या किल्ल्यासमोर ‘लंगर-ए-दुवाजदा इमाम’ ही शिक्षणसंस्था त्याच्याच प्रभावातून उभी राहिली. 1549 च्या सुमारास तो वारला. त्याचे अवशेष करबलेला नेण्यात आले.

पुढे त्याच्या पंथाचा धागा मुंबईत उलगडला. रशियन अभ्यासक व्लादिमीर इवानोव याने 1938 मध्ये इस्माईलींच्या या विसरलेल्या शाखेवर लेख लिहिला. त्याच मुंबईत माथेरानला जन्मलेले आसफ अली असगर फैजी इस्माईली कायद्यावर काम करत होते. काझी नुमानच्या ‘दआइम अल्-इस्लाम’ या अरबी ग्रंथाची त्यांची आवृत्ती कैरोतून निघाली. पुण्यात गणेश हरी खरे यांनी फार्सी कागद वाचून ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ मराठीत आणले.

मराठी माणसाने फार्सी शिकणे ही तेव्हा नवलाची गोष्ट नव्हती, ती इतिहासाची गरज होती. आज ती गरज तशीच आहे, शिकणारे मात्र विरळ झाले. जुन्नर, घोडेगाव, मंचर इथल्या वाड्यांत देशमुख-देशपांड्यांच्या, काझी-खतिबांच्या घरी वर फार्सी आणि खाली मोडी असा मजकूर असलेली एखादी सनद पेटीच्या तळाशी असेल, तर ती रद्दीत घालू नका. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून असे कागद सांभाळत आले आहे. एकदा तिथे दाखवा.