गोदामातलं सोयाबीन, हातातले पैसे

दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांचंच सोयाबीन एकदम बाजारात येतं आणि भाव कोसळतो. थांबावं म्हटलं, तर उधारीवाले थांबत नाहीत. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१पासून याच अडचणीसाठी आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं. मुदत १८० दिवस, व्याज ६ टक्के. भाव चढेलच याची हमी नाही, पण पडत्या भावात विकण्याची सक्ती टळते, आणि मला तेच मोठं वाटतं.

गोदामात ठेवलेल्या मालाचा खरा शत्रू ओलावा. दाणा पोत्यातही श्वसन करतो, त्यातून उष्णता निघते. ओल जास्त असली की थप्पी आतून तापते, बुरशी धरते. म्हणून सोयाबीन साधारण १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच आत घ्यावं लागतं.